मंडळीची समुपदेशन सेवा: सुरुवातीपासून दुसऱ्या केंद्रापर्यंतचे प्रश्न

आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांत, समुपदेशनाची सेवा बहुधा अशी सुरू होते. उपासनेनंतर कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे समुपदेशन केंद्र पाहिजे." सगळे माना डोलावतात, पुढच्या महिन्यात फलक रंगून येतो, उद्घाटनाला पाहुणे येतात, आणि नाताळापर्यंत त्या खोलीत पताकांच्या पिशव्या आणि जादा खुर्च्या रचलेल्या असतात. खालचे प्रश्न पाळक (चर्चचे धर्मगुरू), कमिटीचे सभासद आणि महिला मंडळं नेहमी विचारतात ते आहेत.

पाळकसाहेब सल्ला देतातच. मग वेगळी सेवा कशाला?

पाळकांनी द्यावाच. पण काही गोष्टी त्यांच्यापाशी बोलणं लोकांना जड जातं. लग्न त्यांनीच लावलेलं असतं, नवरा कमिटीवर असतो, दर रविवारी प्रभुभोजन त्यांच्याच हातून घ्यायचं असतं. अशा वेळी बाईनं घरातली मारहाण त्यांना सांगायची म्हणजे तिच्या दृष्टीनं अर्ध्या मंडळीला सांगणं.

दुसरं कारण बदली. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्ट मंडळी या पंथांत पाळकांच्या बदल्या होतात. सेवा एकट्या पाळकाभोवती उभी असेल तर बदलीबरोबर तीही जाते, आणि दोन वर्षं धीर करून बोलत आलेला माणूस पुन्हा पहिल्या वाक्यावर येतो. म्हणून सेवा पहिल्या दिवसापासून गटाची असावी. पाळक त्या गटाचे आधार असावेत, प्रमुख नसले तर उत्तम.

समुपदेशन म्हणजे उपदेशच ना?

नाही. उपदेशात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इथे आलेला माणूस बोलतो आणि तुम्ही ऐकता. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं; बिघडलं ते उपदेश सुरू केल्यावर.

कॅथलिक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजात) आणखी एक गल्लत होते. कन्फेशनमध्ये (पापकबुलीत) सांगितलेलं फादर कुणालाही, कुठल्याही कारणानं सांगू शकत नाहीत. मंडळीच्या कायद्यानं ती मोहर मोडता येत नाही. समुपदेशनातल्या गुप्ततेला मात्र मर्यादा आहेत, त्या पुढे दिल्या आहेत. एकाच फादरांनी एकाच बैठकीत दोन्ही करू नये, कारण आपण कुठल्या नियमाखाली बोलतोय हे समोरच्याला कळलं पाहिजे.

ही पद्धत आली कुठून?

दोन उदाहरणं माहीत असलेली बरी, कारण दोन्ही कामाची आहेत.

अँटन बॉइसन हे अमेरिकेतले पाळक. १९२० मध्ये त्यांना स्वतःलाच तीव्र मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात राहावं लागलं. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी नेले आणि त्यांना रुग्णांमध्ये काम करायला लावलं. पुस्तकांइतकाच माणूसही वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. पाळकांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची सुरुवात तिथली.

दुसरे लंडनचे चॅड वारा. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. लोक इतके यायला लागले की त्यांना थांबवून ठेवायला, चहा करून द्यायला स्वयंसेवक बसवावे लागले. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आलं की कित्येकजण चहावाल्यांशी बोलूनच हलके होऊन घरी जातात, त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं. पुढे जगभर पोचलेली समॅरिटन्स ही संस्था ती. चर्चमध्ये जन्मली तरी फोन करणाऱ्याला धर्म सांगायचा नाही, हा तिथला पक्का नियम.

यातून आपल्याला घ्यायचं ते एवढंच: साध्या माणसाला हे काम शिकवता येतं, मात्र त्याच्या पाठीशी जाणता माणूस उभा लागतो.

सुरुवात नेमकी कशापासून करायची?

जागेपासून नाही आणि फलकापासून तर नाहीच. आधी पर्यवेक्षक, म्हणजे गटाच्या कामावर देखरेख ठेवणारा जाणकार, शोधा. मानसशास्त्रात किंवा वैद्यकीय-मनोसामाजिक समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालेली, प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती, जी दर पंधरवड्याला दोन तास तुमच्या गटाबरोबर बसेल. ती ख्रिस्ती असलीच पाहिजे असं नाही. मंडळीबाहेरची असेल तर उलट सोयीचं, कारण तिला कुणाची सून कोण हे माहीत नसतं. अशी व्यक्ती मिळेपर्यंत सेवा सुरू करू नका.

मग पहिले दोन महिने गटनिवड आणि जवळपासच्या डॉक्टरांच्या, संस्थांच्या भेटी. तिसऱ्या ते सातव्या महिन्यात प्रशिक्षण. आठव्या महिन्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी, कसलंही उद्घाटन न करता, दार उघडायचं. पहिलं दार डिसेंबरात उघडू नये, नाताळच्या धावपळीत निम्मा गट कॅरलला, म्हणजे नाताळगीतं गायला, गेलेला असतो. मे महिन्यात लग्नं आणि गावी जाणं. जून-जुलै बरा.

गटात कोणाला घ्यावं?

सहा ते आठजण पुरतात. त्यासाठी पंधरा-सोळा जणांशी बोलावं लागेल. निम्म्याहून अधिक स्त्रिया हव्यात, वयानं चाळिशीपुढचे दोघेतिघे हवेत, आणि तिशीच्या आतला निदान एक, नाहीतर तरुण संघातलं कुणी फिरकणार नाही.

निवडताना एक साधी परीक्षा घ्या. उमेदवाराला दहा मिनिटं कुणाची तरी अडचण ऐकायला बसवा आणि त्यानं पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला ते घड्याळात बघा. दुसऱ्या मिनिटाला "तुम्ही असं करा" आलं, तर त्याच्यासाठी मंडळीत दुसरी पुष्कळ कामं आहेत. प्रार्थनेत सगळ्यात सुंदर बोलणारे आणि बायबलमधली वचनं तोंडपाठ असणारे हटकून पुढे येतात. त्यांच्यातले काही उत्तम ऐकणारेही असतात, पण ते गृहीत धरू नका.

ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात मृत्यू, घटस्फोट किंवा मोठा आजार झालाय त्यांना एक वर्ष थांबायला सांगा. कमिटीची निवडणूक लढवणाऱ्यांना घेऊच नका.

प्रशिक्षण किती तासांचं?

साठ तासांपेक्षा कमी नको. शनिवारी दुपारी तीन-तीन तासांचे वीस वर्ग धरले तर पाच महिने लागतात. यातले निदान पंचवीस तास प्रत्यक्ष सरावाचे असावेत: तिघांचा गट, एक सांगणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. व्याख्यानं सगळ्यांना आवडतात, सराव कुणालाच आवडत नाही. वर्ग रद्द करायची वेळ आली तर व्याख्यान रद्द करा.

उरलेल्या तासांत नैराश्य, चिंता, व्यसन, शोक, लहान मुलांचं शोषण, आत्महत्येचा धोका ओळखणं, कायदा आणि नोंदी ठेवणं. पुढचं शिकायचं असेल तर वेल्लोरचं ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटर या क्षेत्रातलं जुनं ठिकाण आहे.

साठ तासांनंतर तुमची माणसं 'प्रशिक्षित श्रोते' होतात. त्यांच्या नावापुढे 'मानसोपचारतज्ज्ञ' असं छापू नका. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत समुपदेशकांचे काही प्रकारही आहेत, त्यामुळे पगारी माणूस नेमताना त्याची नोंदणी विचारा.

खोली कशी हवी?

दहा बाय दहा पुष्कळ झाली. खुर्च्या सारख्या उंचीच्या, समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या, म्हणजे समोरच्याला नजर चुकवायची असेल तर चुकवता येते. मध्ये टेबल नको. घड्याळ आलेल्या माणसाच्या डोक्यामागच्या भिंतीवर, म्हणजे तुम्हाला मनगटाकडे बघावं लागत नाही. पाण्याचा तांब्या-भांडं त्याच्या हाताशी. दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी, म्हणजे आत दोन माणसं बसलेली दिसतात पण चेहरे दिसत नाहीत. बैठक चालू असताना इमारतीत तिसरं माणूस असलंच पाहिजे. हे दोघांच्याही संरक्षणासाठी.

आवाज बाहेर जातो का ते तपासा: एकानं आत बसून साध्या आवाजात शास्त्रपाठ वाचावा, दुसऱ्यानं बाहेरच्या बाकावर बसून ऐकावं. शब्द कळले तर बाक हलवा किंवा दाराबाहेर पंखा लावा.

येण्याची वाट पाळकांच्या घरावरून जात नसावी. गावाकडच्या मंडळीत बाजाराचा दिवस निवडा. त्या दिवशी बाई पिशवी घेऊन घराबाहेर पडली तर कुणी विचारत नाही. आणि फलकावर 'मानसिक' हा शब्द टाळलेला बरा. 'कुटुंब मार्गदर्शन' बघून माणूस आत येतो.

वेगळा ट्रस्ट काढावा का?

पहिली दोन वर्षं नको. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला असेल तर त्याच्या योजनेतला उद्देशांचा भाग काढून वाचा. 'सामाजिक सेवा', 'आरोग्य' अशा अर्थाचं काही असलं तर ठराव करून त्याच्याच छत्राखाली काम सुरू होतं. हिशेबाचं खातं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, म्हणजे चर्चच्या छपराच्या दुरुस्तीत समुपदेशनाचे पैसे जात नाहीत.

वेगळी संस्था काढायचीच झाली तर १८६० च्या कायद्याखाली सात सभासदांची संस्था, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, असे तीन रस्ते आहेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि नेमकं तेच राहून जातं. मंडळ्यांचे निम्मे वाद तिथून उगवतात. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याच्या दोन नोंदण्या लागतात, एक संस्थेच्या करसुटीची आणि दुसरी देणगीदाराच्या सवलतीची; १९६१ च्या कायद्यात त्यांची नावं बारा-ए-बी आणि ऐंशी-जी.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मानसिक आजार असलेल्या माणसाला राहायला जागा द्यायला लागलात की चित्र बदलतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा ठिकाणाची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. "दोन दिवस चर्चच्या हॉलमध्ये राहू दे, प्रार्थना करू" हे म्हणायला सोपं आहे. म्हणू नका.

पैसा किती लागतो आणि कुठून आणायचा?

जागा मंडळीची आणि श्रोते स्वयंसेवक असतील, तर खर्चाच्या बाबी चार: पर्यवेक्षकाचं मानधन, एक मोबाइल, कुलपाचं लोखंडी कपाट, प्रवास. यात सगळ्यात मोठा मानधनाचा, आणि कमिटी कात्री लावते ती तिथेच, "त्या बाई काय, नुसत्या येऊन बसतात" असं म्हणून. तो खर्च वर्षभराचा आधी बाजूला काढा.

फी ठेवावी का? ठेवावी, पण ऐपतीप्रमाणे आणि दाराशी ठेवलेल्या बंद पाकिटात. अजिबात फुकट असलं की वेळ घेऊन न येणारे वाढतात. श्रोत्यानं स्वतःच्या हातात पैसे घ्यायचे नाहीत.

परदेशातल्या मराठी ख्रिस्ती नातेवाइकांची देणगी हा नेहमीचा गोंधळ. लंडनचा भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी नाही. तो ब्रिटिश नागरिक झाला असेल, मग ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि परकीय योगदान नियमन कायद्याची परवानगी नसताना घेता येत नाही. त्या नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्देशांवर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे जाता येत नाही. नव्या सेवेनं या वाटेला न गेलेलंच बरं.

पहिली भेट कशी चालते?

पन्नास मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत नियम सांगायचे, आणि ते पाठ केल्यासारखे न सांगता. साधारण असं:

"काकू, तुम्ही इथं बोलाल ते मी घरी, मंडळीत, पाळकसाहेबांना, कुणालाच सांगणार नाही. फक्त तीन वेळा मला ते ठेवून घेता येणार नाही: तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा एखाद्या लेकरावर अत्याचार होत असेल. तेव्हासुद्धा आधी तुम्हाला सांगेन. माझ्या कामावर एक ताई देखरेख करतात, त्यांच्याशी मी तुमचं नाव न घेता बोलते. चालेल का?"

मग चाळीस मिनिटं ऐकायचं. या वेळात तुमचं बोलणं एक चतुर्थांशाच्या वर जाऊ नये. रडू आलं तर लगेच खांद्यावर हात ठेवून "रडू नका" म्हणू नका; रडायलाच तर आलेल्या असतात. शेवटच्या पाच मिनिटांत काय ऐकलं ते दोन वाक्यांत परत सांगायचं आणि पुढचा दिवस ठरवायचा. दार उघडताना, पाय बाहेर असताना सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा खरी गोष्ट असते. ती ऐका, पण तिथंच पुन्हा बसकण मारू नका: "हे महत्त्वाचं आहे, मंगळवारी इथूनच सुरू करू." याला अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा.

सहा भेटी झाल्या की थांबून बघायचं: पुढे चालू ठेवायचं, संपवायचं, की दुसरीकडे पाठवायचं.

प्रार्थना कधी करायची?

विचारून. आणि शक्यतो शेवटी. सुरुवातीलाच प्रार्थना झाली की समोरचा माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो आणि खरं आत राहतं. बायबलमधलं वचन सांगायचं झालं तर एकच सांगा. मूल गेलेल्या आईला "देवाची इच्छा" हे शब्द ऐकवू नका, ते तिला शेजारणींनी आधीच दहादा ऐकवलेले असतात.

गुप्तता कुठं फुटते?

दारू पिऊन बडबडणाऱ्याकडून क्वचितच. ती फुटते प्रार्थनेच्या वाटेनं. बुधवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये (कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) कुणीतरी डोळे मिटून म्हणतं, "प्रभू, आमच्या एका भगिनीच्या घरी जे चाललंय, तिचा नवरा रिक्षा चालवतो..." मंडळीत रिक्षा चालवणारे दोघेच असतात. किंवा व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना-गटावर "अर्जंट विनंती" पडते आणि दुपारपर्यंत ती नगरहून नाशिकला पोचलेली असते.

नियम लेखी करा: समुपदेशनात कळलेली गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून नावासकट, नावाशिवाय, कशीही बाहेर जाणार नाही. पाळक ती उपदेशात दृष्टान्त म्हणून वापरणार नाहीत. रविवारी चर्चच्या आवारात भेट झाली तर श्रोता ओळखीचं हसेल, "बरं आहे ना आता?" असं विचारणार नाही. पहिल्यांदा चूक झाली तर तीन महिने बाजूला, दुसऱ्यांदा कायमचं.

पण मग पोलिसांना काय सांगायचं आणि काय नाही?

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक, संडे स्कूलच्या बाई, श्रोता, कुणालाही सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलाची उलटतपासणी तुम्ही घेऊ नका, जेवढं त्यानं सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावरही कळवा.

आरोपी मंडळीतलाच प्रतिष्ठित माणूस असला की "आपसात मिटवू, मंडळीचं नाव जाईल" हे वाक्य हमखास येतं. ते म्हणणाऱ्याला कलम वाचून दाखवा.

प्रौढ बाईला घरी मारहाण होत असेल तर निर्णय तिचा. तिला १८१ हा महिला मदत क्रमांक, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची माहिती द्या. स्त्रियांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि मारहाण चालू असलेल्या जोडप्याला एकत्र बसवू नका, कितीही आग्रह झाला तरी. खोलीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते.

कुणी जीव देण्याचं बोललं तर?

सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, विचारणारं कुणी भेटलं म्हणून ओझं हलकं होतं. हो म्हणाले तर पुढे: कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, दिवस ठरलाय का, आधी कधी प्रयत्न केलाय का.

साधन आणि दिवस ठरलेला असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. तो ज्याचं नाव सांगेल त्या नातेवाइकाला बोलवायचं, साधन घरातून हलवायला लावायचं. शेतकरी घरात ते बहुतेक वेळा कीटकनाशकाचा डबा असतो. तो शेजारच्याकडे कुलपात जाईल हे त्याच दिवशी पक्कं करा. तातडीला ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. मनोविकारतज्ज्ञाची वेळ तुम्ही स्वतः घेऊन द्या आणि चोवीस तासांत फोन करा. तुमचं केंद्र बंद असतं तेव्हासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दारावर आणि प्रत्येक कार्डावर छापा. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रयत्न फसून वाचलेल्या माणसाला पोलिसांची भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं गृहीत धरतं की तो तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा होत नाही. हे त्याच्या घरच्यांना सांगा, कारण त्या भीतीनं ते दवाखाना टाळतात.

भूतबाधा म्हणून आणलं तर? आणि गोळ्या?

आवाज ऐकू येतात, कुणी मागावर आहे, चार-चार रात्री झोप नाही: हे ऐकलं की मनोविकारतज्ज्ञाकडे. प्रार्थना त्याबरोबर करा, त्याऐवजी नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. कानउघाडणी केली नाही.

भूत काढायचं म्हणून मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. साध्या प्रार्थनेला कायद्याची आडकाठी नाही.

गोळ्यांबद्दल नियम एकच: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी कमी करायला, बंद करायला किंवा "विश्वासानं सोडायला" केंद्रातल्या कुणीही सांगायचं नाही. फिट्सची किंवा मनोविकाराची औषधं एकदम सुटली की आजार उलटतो, आणि दोष पुन्हा त्या माणसाच्या विश्वासावर ढकलला जातो.

नैराश्याचा अंदाज घ्यायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली वापरता येते. गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, जिवाच्या धोक्याचे वरचे प्रश्न विचारा. ही प्रश्नावली निदान करत नाही, फक्त कुणाला पाठवायचं ते सांगते.

पाठवायचं कुठं?

दार उघडण्याआधी एका पानाची यादी तयार हवी, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन आलेली. जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं, जी पुण्यात येरवड्याला, ठाण्यात, नागपुरात आणि रत्नागिरीत आहेत. दारू सोडण्यासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा जवळचा गट आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. यादी दर सहा महिन्यांनी फोन करून तपासा. पाठवलेला माणूस तिथं पोचला का हे आठवड्यात विचारा. अनेकजण चिठ्ठी खिशात ठेवून घरी बसतात.

इतर धर्मांची माणसं आली तर?

येतीलच, आणि त्यांना तीच वेळ, तीच खोली. पत्रक द्यायचं नाही, उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही, त्यांनी मागितल्याशिवाय प्रार्थना नाही. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हतबलतेचा फायदा घेतला असं पुढे कुणी म्हणू नये, आणि मुळात घेतलाही जाऊ नये.

लोक रेशन किंवा पैसे मागतात. द्यावे का?

श्रोत्यानं नाही. एकदा दिले की पुढच्या भेटीत तो सावकार होतो आणि समोरचा ऋणको. मोकळं बोलणं संपतं. पण भुकेल्याला नुसतं ऐकून परत पाठवणंही बरोबर नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते विधवांना राहायला छप्पर, शिक्षण आणि पायावर उभं राहायची वाट देण्यासाठी. महिला मंडळाचा किंवा मंडळीच्या मदतनिधीचा वेगळा माणूस ठरवा आणि तिकडे पाठवा.

सेवा वाढवायची कधी?

बहुतेक मंडळ्या बाहेर थांबलेली माणसं मोजतात. मोजायला हवेत ते पर्यवेक्षणाचे तास. आमचं प्रमाण असं: समुपदेशनाच्या सहा तासांमागे पर्यवेक्षणाचा एक. वर सांगितलेल्या पंधरवड्यातून दोन तासांत आठवड्याला सहाच भेटी सांभाळता येतात, आणि सुरुवातीला तेवढ्याच असतात. पर्यवेक्षक आठवड्याला चार तास देऊ लागला तर चोवीस भेटी. पंचविसाव्यासाठी प्रतीक्षायादी असते. जास्त श्रोते आणून ही मर्यादा ओलांडता येत नाही. मग होतं असं की श्रोते एकटे पडतात, घरी जाऊन झोप लागत नाही, आणि वर्षभरात चांगले तेवढे सोडून जातात.

दुसरं केंद्र काढण्याआधी पहिल्या केंद्रातला एखादा श्रोता पुढचं शिक्षण घेऊन पर्यवेक्षक व्हायच्या वाटेवर हवा. याला तीन-चार वर्षं जातात. शेजारच्या मंडळीनं "आमच्याकडेही काढा" म्हटलं तर आधी त्यांची चारजणं तुमच्या प्रशिक्षणाला बोलवा; उद्घाटनाच्या आधी साठ तास काढायची तयारी किती जणांची आहे ते लगेच कळतं. त्यातही दोन मंडळ्यांनी श्रोते अदलाबदल करणं फार उपयोगी: इथले तिकडे बसतात, तिकडचे इथं, आणि ओळखीचा संकोच जातो.

काम नीट चाललंय हे कसं ओळखायचं?

"किती जण आले" एवढ्यावर वार्षिक अहवाल भरतो, पण त्यातून फार कळत नाही. पहिल्या भेटीनंतर दुसरीला किती आले ते बघा. निम्म्याहून कमी येत असतील तर पहिल्या भेटीत उपदेश होतोय. किती जणांना पुढे पाठवलं ते बघा. एकालाही नसेल तर धोका ओळखला जात नाही. आणि पुरुष किती आले? सुरुवातीला नगण्यच असतात. संध्याकाळी सातनंतरची एक वेळ ठेवली आणि पुरुष श्रोता बसवला की हळूहळू येतात.

वार्षिक सभेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, बरं झालेल्या माणसाला उभं करू नका, तो स्वतःहून तयार असला तरी. वर्षभर थांबा, मग विचारा.

नोंदी किती आणि किती दिवस ठेवायच्या?

प्रत्येक भेटीची पाच-सहा ओळींची नोंद. वर क्रमांक, नाव नाही. नावं आणि क्रमांकांची जोडयादी वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात, किल्ली दोघांकडेच. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेली नोंद ही नोंद नव्हे. "तो दुष्ट आहे" असं लिहू नका. "पती मारतात असं सांगितलं" असं लिहा, कारण उद्या कोर्टानं वही मागवली तर तेच वाचलं जाणार.

किती वर्षं ठेवायच्या हे सुरू करतानाच ठराव करून लिहून ठेवा. प्रौढांसाठी शेवटच्या भेटीपासून पाच वर्षं आणि मुलांसाठी ती सज्ञान झाल्यावर तीन वर्षं, असं आम्ही सुचवतो. मुदत संपली की दोघांच्या समोर फाडून जाळायच्या, रद्दीत घालायच्या नाहीत. आणि सेवाच बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी दारावर लिहा, चालू असलेल्या प्रत्येकाला दुसरीकडची वेळ घेऊन द्या, आणि कपाटाची किल्ली नव्या पाळकांच्या हाती न देता पर्यवेक्षकांकडे द्या.